आधी खोली बघू, मग प्रोसेसर

"काका, पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसेल का? आय-फाइव्ह घेऊ की रायझन?"

दहावी-बारावीचे निकाल लागले की, आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी फोनवर, कधी जिन्यात, कधी मुलगा आणि त्याची आई दोघंही दारात उभी. माझी नोकरी हिशेबाची, दुकान वगैरे काही नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत नागपुरातल्या मानेवाडा, नंदनवन, प्रतापनगर अशा भागांत ओळखीच्या घरांतले वीस-पंचवीस पीसी मी स्वतः जोडून दिलेत, म्हणून लोक विचारतात. उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बसून लिहितो.

बसतो, पन्नास हजारांत पीसी नक्की बसतो. फक्त प्रोसेसरचं, म्हणजे पीसीच्या मेंदूचं, नाव (इंटेलचा आय-फाइव्ह की एएमडीचा रायझन) आपण नंतर घेऊ. आधी मला सांगा कोणता गेम खेळायचा आहे, मॉनिटर कोणता आहे, आणि पीसी घरात कुठे ठेवणार आहात. तिसरा प्रश्न ऐकून पोरं माझ्याकडे बघतच राहतात. तो मी का विचारायला लागलो, त्याची गोष्ट आहे.

२०२२ चा मे महिना. माझ्या भाच्यानं दोन वर्षं साठवलेल्या पैशांतून तयार जोडलेला पीसी आणला होता. आय-फाइव्ह १०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग), पुढे काळी काच आणि आत रंग बदलणारे चार पंखे. दिसायला देखणा. आठवड्यानं त्याचा फोन आला.

"मामा, पीसी आपोआप बंद होऊन राहिला."

"केव्हा बंद होतो?"

"गेम लावला का दहा मिनिटांत. बाकी टाइम बरोबर चालते."

मी रविवारी येतो म्हणालो. रविवार यायच्या आधीच, शुक्रवारी दुपारी, पुन्हा फोन. "फट् करून आवाज आला न मामा, आणि जळका वास येऊन राहिला." गेलो, कॅबिनेट उघडलं. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला होता आणि जाता जाता मदरबोर्डही, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, घेऊन गेला. ग्राफिक कार्ड वाचलं, हे नशीब. पोरगं पलंगाच्या कडेला गप्प बसून होतं. त्या दिवशी मी त्याला रागावलो नाही, पण मला स्वतःचा राग आला, कारण घ्यायच्या आधी त्यानं मला यादी पाठवली होती आणि मी फक्त प्रोसेसर आणि कार्ड बघून "छान आहे" म्हणालो होतो. यादीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: "कॅबिनेट विथ एसएमपीएस".

तो जळका डबा मी खिडकीजवळ नेऊन नीट वाचला. वर ठसठशीत ४५० वॅट. खाली बारीक अक्षरांत एक कोष्टक: ३.३ व्होल्टवर किती अँपिअर, ५ व्होल्टवर किती, १२ व्होल्टवर किती. बाराच्या खाली आकडा होता १६. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे १२ व्होल्टच्या लाइनवर या डब्याची ताकद १९२ वॅट. आणि गेमिंग पीसीतले दोन मोठे खाणारे, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, जवळजवळ सगळी वीज याच लाइनवरून घेतात. कार्ड १२५ वॅटचं, प्रोसेसर कागदावर ६५ चा. बेरीज १९०. त्यात पंखे, हार्ड डिस्क. शिवाय हा प्रोसेसर जोरात आला की थोड्या वेळासाठी १३४ वॅटपर्यंत चढतो. म्हणजे गेम लागला की हिशेब डब्याच्या बाहेर जात होता. वर मे महिना, वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली. एसएमपीएसची ताकद गरमीत कमी होते. चांगला डबा ४० किंवा ५० अंशांवर मोजलेला असतो, स्वस्तातला बहुतेक वेळा २५ वर. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी २५ अंश कुठल्या खोलीत असतात?

तेव्हापासून मी कोणाचीही यादी खालून वर वाचतो. एसएमपीएस वेगळा, नामांकित कंपनीचा, ५५० वॅटचा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा. त्यावर "८० प्लस ब्राँझ" लिहिलेलं असावं, पण तेवढ्यावर भुलू नका. ते प्रमाणपत्र भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला लागते तेवढंच सांगतं. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सरळ करणारे भाग, कसे आहेत ते सांगत नाही. दुकानात डबा हातात घ्या आणि १२ व्होल्टच्या खालचा आकडा स्वतः वाचा. ५५० च्या चांगल्या डब्यावर तो ४० च्या वर असतो.

आता खोलीकडे येऊ. पीसीला स्वतःचा एसी नसतो. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की आतलं सगळं साधारण तेवढंच वर सरकतं. बंगळुरूच्या हवेत ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर आपल्याकडे मे महिन्यात ८०-८५ ला जातो, आणि हवा कोंडून ९०-१०० च्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मुलं म्हणतात गेम अडकून राहिला. म्हणून कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. पुढे सपाट काच असलेलं कॅबिनेट कितीही सुंदर दिसलं तरी नागपुरात मी कुणाला घेऊ देत नाही.

आणि खोलीतला पाण्याचा कूलर. आपल्याकडे निम्म्या घरांत पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवलेला असतो, मशीनला थंड हवा मिळावी म्हणून. भावना चांगली, पण त्या झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि आपलं बोअरचं पाणी खारं. ते तुषार वाळले की पांढरा थर बोर्डावर बसतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर तर कधीच नको. मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जातं आणि पीसी रीस्टार्ट होतो.

याहून मोठी गोष्ट अर्थिंगची. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार तुम्ही केली असेल किंवा ऐकली असेल. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारी एक जोडणी असते, ती थोडा प्रवाह अर्थच्या तारेतून जमिनीत सोडते. भिंतीत अर्थच नसेल तर तो प्रवाह पत्र्यावर येऊन बसतो. आणि ज्या घरात पीसीला अर्थ नाही, त्या घरात बहुतेक कूलरलाही नसतो. कूलरचा शॉक लागून उन्हाळ्यात काय होतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. पीसी घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मीटरनं मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. नसेल तर ग्राफिक कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण अर्थिंग करा. पोरं त्याच खोलीत झोपतात.

एवढं झालं की पैशाच्या वाटणीला हात घालायचा. भाव आठवड्याला बदलतात, २०२५ च्या अखेरीला तर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव असे चढले की जुन्या सगळ्या याद्या निकामी झाल्या. म्हणून मी रुपयातले पैसे सांगतो. मॉनिटर सोडून उरलेल्या रुपयातले पस्तीस ते चाळीस पैसे ग्राफिक कार्डाला, अठरा-वीस प्रोसेसरला. उरलेल्यात बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट. एसएमपीएसचे आठ-दहा पैसे मात्र आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर शेवटी तेच कापले जातात.

गेम का विचारतो, तर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याचा भार प्रोसेसरवर जास्त पडतो, आणि सायबरपंक २०७७ सारखा गेम खेळणाऱ्याचा ग्राफिक कार्डावर. फक्त व्हॅलोरंट खेळायचं असेल आणि हात फारच आखडता असेल, तर रायझन ५ ५६००जी घ्या. त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक असतात, वेगळं कार्ड पुढच्या दिवाळीला घेता येतं. पण मग रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांतच घ्यायची, १६ ची एक नको. पोटातले ग्राफिक रॅमच वापरतात, आणि दोन पट्ट्या म्हणजे त्यांना दोन रस्ते. कार्ड आत्ताच घेणार असाल तर ५६००जी ऐवजी साधा ५६०० घ्या. त्याचा कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, दुप्पट आहे, ३२ एमबी, आणि गेममध्ये ते जाणवतं. इंटेलमध्ये १२४००एफ याच तोडीचा, सहा कोअर (काम करणारे हात) आणि बारा थ्रेड (एका वेळी बारा कामं). नावातल्या "एफ" चा अर्थ पोटात ग्राफिक नाहीत, कार्ड बंद पडलं तर पडदा काळा. दोन्हींत मी बोर्डाच्या भावावरून ठरवतो, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवत नाही. पैसे थोडे जास्त असतील तर एएम५ सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसायच्या नव्या खाचेवर, जा. एएमडीनं तो निदान २०२७ पर्यंत चालवायचं जाहीर केलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल.

फसगत सगळ्यात जास्त होते ती कार्डात. "चार जीबी ग्राफिक कार्ड आहे भाऊ" असं कोणी म्हणालं तर पूर्ण नाव विचारा. जीटी ७३० सुद्धा चार जीबीत मिळतं, आणि ते २०१४ चं, घरगुती कामाचं कार्ड आहे. मेमरी म्हणजे टेबलाचा आकार झाला, काम करणारे हात किती ते वेगळं बघावं लागतं. आरटीएक्स ३०५० चंच उदाहरण घ्या. आठ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि मेमरीकडे जायला १२८ बिटचा रस्ता. २०२४ मध्ये आलेल्या सहा जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. डब्यावर नाव मात्र दोन्हींच्या तेच. सहा जीबीवालं ७० वॅटमध्ये भागवतं, त्यामुळे जुन्या ऑफिस पीसीत बसवायला उत्तम. पण आठच्या भावात ते घेऊ नका. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी आरएक्स ६६०० मी अनेकांना बसवून दिलंय, १३२ वॅटचं, आठ जीबीचं, मिळालं तर आजही घ्यावं असं.

सेकंडहँड घ्यावं का? घ्यावं, पण डोळ्यांसमोर चालवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवरचं त्याचं मायनिंग, म्हणजे हे चलन कमवायला कार्डं राबवणं, बंद पडलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. विकणाऱ्याच्या घरी जा, वीस मिनिटं जड गेम चालवा, पंख्याचा आवाज ऐका, मागच्या सगळ्या पोर्टांत वायर लावून बघा, बिल मागा. बिल नसेल तर मी सरळ निघून येतो.

नवं घेताना ऑनलाइन भाव बघा आणि मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जा. दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नाव लिहिलेलं. "१६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी" एवढंच लिहिलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून मागा. चांगला दुकानदार चिडत नाही. बिलावर जीएसटी आणि सिरियल नंबर हवेत, कारण तीन वर्षांच्या वॉरंटीत बोर्ड गेला तर तो नंबरच कामी येतो. ऑनलाइन हजार-दीड हजार वाचत असतील तरी बोर्ड आणि कार्ड मी इथूनच घेतो. बिघडलं तर स्कूटरवर टाकून नेता येतं.

मॉनिटर शेवटी आला, कारण त्याच्यावरून एक घर आठवलं. मागच्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका अकरावीच्या मुलीनं बोलावलं. बाबांनी तिला १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर आणि चांगलं कार्ड घेऊन दिलं होतं, तरी गेम अडखळायचा. चार महिने ती गप्प होती, बाबांचे पैसे वाया गेले असं वाटेल म्हणून. मी पीसी फिरवून मागे बघितलं. मॉनिटरची वायर वरच्या, मदरबोर्डाच्या पोर्टात. प्रोसेसर "एफ" नव्हता, त्याच्या पोटात जेमतेम ग्राफिक होते, त्यावरच सगळं चाललं होतं, आणि कार्ड नुसतं बसून होतं. वायर काढून खाली, कार्डाच्या पोर्टात लावली. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी, रॅमला तिच्या पूर्ण वेगात चालवणारी सेटिंग, चालू केलं. ते बंद असल्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ वर चालत होती. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या जागी १६५ निवडलं.

तिनं माउस हातात घेतला आणि डेस्कटॉपवरच नुसता गोल गोल फिरवला. मग पुन्हा फिरवला. गेम उघडायच्या आधीच तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, बाबांना बोलव न, हे पाहा."