तुम्ही विचारलंत म्हणून: सुकाणूचे पार्ट कुठे मिळतात?

दरवर्षी मे अखेरीला गोव्यात चिखलीच्या काठावर माझी शिडाची होडी पाण्याबाहेर निघते. बघायला चार लोक थांबतात आणि त्यातलं कोणीतरी विचारतंच, "एवढी जुनी बोट, हिचे पार्ट मिळतात तरी कुठे?" विचारताना हाताचं बोट असतं सुकाणूकडे, कारण तेवढ्यात ते उतरवून मी गवतावर आडवं टाकलेलं असतं. "मिळतात हो," म्हणून मी वेळ मारून नेतो. आज सावकाश सांगतो.

मिळत नाहीत. बोट बावीस फुटी, फायबरची. माझ्याआधी तिचे तीन मालक झाले आणि ती बांधणारा कारखाना कधीच बंद पडला. तेव्हा पार्ट करवून घ्यावा लागतो, आणि करवून घेणं म्हणजे नक्की काय, हे कळायला माझा एक अख्खा हंगाम गेला.

सुकाणू लटकतं कशावर, तर त्याच्या पुढच्या कडेला खाली तोंड केलेल्या दोन पिना आणि बोटीच्या पाठीवर बसवलेली, भोक असलेली दोन कडी. पुस्तकात पिंटल आणि गजन म्हणतात, वर्कशॉपमध्ये नर-मादी. होडी नांगरावर असताना रात्री मागून "ठक... ठक..." ऐकू यायला लागलं, तेव्हा नर झिजलाय एवढं मला समजलं. दोन्ही नर काढले, रुमालात गुंडाळले आणि वेर्ण्याला एका लेथवाल्याकडे नेऊन दिले. म्हटलं, "अगदी असेच हवेत."

चार दिवसांनी त्याने जे हातात ठेवलं ते बघण्यासारखं होतं. चकचकीत, कुठे ओरखडा नाही. आणि मधोमध सुरेख कंबर! मूळ पीन बारा मिलिमीटरची, वीसेक वर्षं घासून मधे साडेदहा झालेली. पठ्ठ्याने ती झीजसुद्धा कातून दिली होती. मी काही बोलायच्या आत तोच बेळगावी सुरात म्हणाला, "तुम्ही दिलात तस्साच केलाय की, साहेब!" चूक त्याची कशी म्हणू? नमुना माझा होता.

तेव्हापासून झिजलेला भाग मी कोणाच्या हाती देत नाही, कागदावर मापं देतो. ती घ्यायची कुठे? पिनेच्या मुळाशी, तिला सुकाणूवर धरणाऱ्या पट्टीच्या आत दडलेला दीड-दोन मिलिमीटरचा भाग कधीच घासला जात नाही. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचा चिमटा, तिथे लावायचा, बाकी पीन काहीही सांगो. आणखी एक गोष्ट आवर्जून लिहून द्यायची: खालचा नर वरच्यापेक्षा बोटभर लांब ठेवायचा. हलत्या पाण्यात, एका हाताने बोटीला धरून, दोन पिना एकाच क्षणी दोन भोकांत घालून बघा, म्हणजे कळेल. खालचा लांब असला की तो आधी सापडतो, मग वरचा आपोआप जागेवर येतो.

नवा नर आला तरी ठकठक राहिली, कारण मादीचं भोक लंबगोल झालेलं होतं. मग ते मोठं कापून गोल केलं आणि आत नायलॉनची बुश, म्हणजे भोकाचं नळीसारखं अस्तर, बसवली. छान घट्ट. इतकी छान की दोन आठवड्यांनी सुकाणू हलेना. नायलॉन पाणी पितं हो! नायलॉन 6 पुरतं भिजलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी घेतं आणि फुगतं. ॲसिटल, ज्याला दुकानात डेल्रिन म्हणतात, ते एक टक्क्याच्या आत राहतं. पांढऱ्या दांड्या दिसायला अगदी जुळ्या. हातात तोलून बघितल्या तर ॲसिटल जड लागतं. आता मी ॲसिटलचीच बुश करतो, पिनेभोवती दोन कागद सरकतील इतकी मोकळीक सोडतो आणि स्क्रू आवळण्याआधी दोन्ही माद्यांतून एक सरळ सळई आरपार घालून बघतो. सळई अडली तर नवी पीनही अडणारच.

सुकाणू वळवायच्या दांड्याचा बोल्ट मात्र ठकठकीत मोजायचा विसरू नका. तो सुकाणूच्या अक्षापासून पाच सेंटिमीटरवर आणि आपला हात एक मीटरवर. तिथली एक मिलिमीटरची ढील हातापाशी दोन सेंटिमीटर होते. आपण उगाच पिनांना शिव्या घालत बसतो.

खरी काळजी सुकाणूच्या फळीची. आत फोम, बाहेर फायबरची दोन कवचं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने ठोकत जायचं. जिथे "टण्" चं "ठप्" होतं, तिथे पाणी शिरलंय. एका वर्षी खालच्या कोपऱ्यात बारीक भोक पाडलं आणि दुधाचं पातेलं खाली ठेवलं. सकाळी त्यात चहासारखं पाणी. (पातेलं घरी परत घेतलं गेलं नाही.) तो रंग कुठून आला म्हणून पट्टीचा बोल्ट काढला, तर दोन्ही टोकं आरशासारखी आणि मधला भाग उंदराने कुरतडल्यासारखा. स्टेनलेस गंजत नाही असं म्हणतात. त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या फोममध्ये कोंडलेल्या बोल्टला तो कुठला मिळायला! दुकानात लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, अस्सल" म्हणून दाखवतात, त्याला भुलू नका. स्टेनलेसच्या 304 आणि 316 या दोन्ही जाती सहसा चिकटत नाहीत. आपल्याला मॉलिब्डेनमवालं 316 हवं, तेव्हा शिक्का बघूनच घ्यावं.

बोल्टचं भोक मोठं करायचं, इपॉक्सी गोंदाने गच्च भरायचं आणि त्या इपॉक्सीतून पुन्हा नवं भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट फोमला शिवतच नाही. हे पावसाआधी उरकावं. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते आणि तिच्यावर दुसरा थर धरत नाही. घाईत सँडपेपर मारला तर ती आणखी आत चोळली जाते. आधी साध्या पाण्याने, काथ्याने घासून धुवायची.

"मग नवीनच का घेत नाही?" हा पुढचा प्रश्न. नव्यालाही हे चुकत नाही. आपल्या दिवाडी बेटावर बांधलेली 'तारिणी' ही शिडाची बोट 2017 साली नौदलात आली आणि 2018 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून तिला मॉरिशसला थांबावं लागलं. या नर-मादीच्या कटकटीतून सुटलेली एकच बोट मला माहीत आहे, गोव्यातच, फळ्या दोरीने शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' जहाज. त्याला आपल्यासारखं सुकाणूच नाही, वळवायला मोठी वल्ही आहेत.

यंदाचं विचाराल, तर वरची मादी उतरवली तेव्हा एका स्क्रूचं डोकं गुलाबी निघालं. नखाने टोकरलं तर भुगा पडला. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते असं सच्छिद्र तांबं. पाच स्क्रू स्टेनलेसचे आणि हा एकच पितळेचा कोणी लावला, म्हणून मी आधीच्या तिन्ही मालकांचा मनातल्या मनात उद्धार केला. मग वही काढली. 2019, माझंच अक्षर: "एक स्क्रू कमी पडला, घरातला लावला, नंतर बदलणे."