दहा गुंठे जरबेरा आणि भिंतीवरचे पंचांग

जानेवारी २०२३ मध्ये मावळातल्या आमच्या दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसमध्ये जरबेराची सहा हजार रोपे लावली, तेव्हा लागवडीचा हिशेब माझ्या वहीत चोख होता. तांबडी माती किती ब्रास, शेणखत आणि भाताचे तूस किती, ठिबकचा खर्च किती, बँकेचा हप्ता कधी, हे सारे मांडलेले होते. फूल विकत घेणारा ते कोणत्या दिवशी घेतो, हे मात्र त्या वहीत कुठेच नव्हते.

रोपे लावल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी फुले सुरू झाली आणि ऐन लग्नसराईत पुण्याच्या मार्केट यार्डात दहा फुलांच्या जुडीला साठ-सत्तर रुपये मिळाले, त्यामुळे मी हुरळून गेलो. त्याच वर्षी श्रावण अधिक आला. २९ जूनला सुरू झालेला चातुर्मास २३ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने चालला. गणपतीत थोडा उठाव झाला, पण पितृपक्षात अडत्याचा फोन आला, "दादा, उद्या माल कमीच पाठवा." झाडाला हे कसे सांगायचे? जरबेरा रोज साडेपाचशे-सहाशे फुले देतोच, आणि दर नाही म्हणून ती झाडावर ठेवली, तर पुढच्या कळ्यांचे पोषण अडते आणि जुन्या फुलांवर बुरशी धरते. त्या पंधरवड्यात अडत्याकडून जुडीला दहा रुपयांची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती आली, आणि फुलावर चढवायच्या टोप्या, खोके, टेम्पोभाडे, हमाली, अडत मिळून जुडीमागे माझा खर्च बारा रुपये होता. म्हणजे ती फुले उकिरड्यावर टाकली असती, तर मी जुडीमागे दोन रुपयांनी फायद्यात राहिलो असतो. काही दिवस टाकलीसुद्धा.

पुढच्या वर्षी गुरू आणि शुक्र यांचा अस्त आल्याने मे महिन्यात मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. तेव्हापासून पॅकिंगच्या टेबलावर खताच्या तक्त्याशेजारी पंचांग टांगलेले असते. माझा ज्योतिषावर फारसा विश्वास नाही. पण माझ्या गिऱ्हाइकाचा आहे, आणि धंद्यात तेवढे पुरते.

काढणीच्या बाबतीत मात्र दराकडे बघून हयगय करता येत नाही. जरबेरा कापायचा नसतो. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्या की दांडा बुडाशी धरून किंचित बाजूला वाकवायचा आणि उपटायचा, कारण कापून मागे राहिलेले खुंट कुजते आणि ती कूज रोपाच्या गड्ड्यात उतरते. उपटलेल्या दांड्याचे टोक टणक असल्याने पाणी ओढत नाही, म्हणून तेवढे दोन-तीन सेंटिमीटर छाटून फुले लगेच बादलीत उभी करायची. बादलीत पाणी चार बोटेच असावे. दांडा लवदार असल्याने खोल पाण्यात तो सडतो. सकाळी सात ते नऊ हे काम आई आणि दोन मावशी करतात, आणि त्यांच्या हातची फुले मी काढलेल्या फुलांपेक्षा दोन दिवस अधिक टिकतात, हे कबूल केले पाहिजे.

आता रोजचा निम्मा माल मार्केटला जातो आणि उरलेला तालुक्यातील चार पुष्पविक्रेते व दोन मंडप-सजावटवाले घेतात. त्यांच्याशी वर्षभराचा एकच दर ठरवला आहे, जुडीला तीस रुपये. लग्नसराईत हा दर मला बोचतो आणि पितृपक्षात त्यांना बोचतो. उधारी ही वेगळी डोकेदुखी आहे, त्याबद्दल न बोललेले बरे.

रोपांना तीन वर्षे झाली असून फुलाचा व्यास आणि दांड्याची लांबी, दोन्ही घटली आहेत. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. जुनी रोपे त्याच महिन्यात उपटायची, बेड निर्जंतुक करून मोकळे ठेवायचे आणि नवी लागवड ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात करायची, असे ठरवले आहे, म्हणजे पहिली काढणी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास येईल. रोपवाटिकेत आगाऊ रक्कम भरताना तेथील मुलाने ऑगस्टच का, असे विचारले. मी खिशातून पंचांगाचे पान काढून त्याच्यापुढे ठेवले.