‘कडक थेंब घाला ना!’

डोळ्यांच्या ओपीडीत, डॉक्टरांना आतला पडदा नीट दिसावा म्हणून, थेंब घालून पेशंटची बाहुली डायलेट म्हणजे मोठी करणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी बाकावर शेजारी शेजारी दोघं होते. घाऱ्या डोळ्यांची एक तरुणी, आणि काळ्याभोर डोळ्यांचे, जुना मधुमेह असलेले एक आजोबा. दोघांनाही एकाच बाटलीतलं १ टक्का ट्रॉपिकामाइड घातलं. अर्ध्या तासात तरुणीची बाहुली एवढी मोठी झाली, की घारा रंग नुसता कडेला उरला. आजोबांची जेमतेम चार मिलिमीटर.

नातू वैतागला. “मॅडम, कडक थेंब घाला ना! नाहीतर दोन-दोन घाला.”

दोन-दोन घालून काय होणार? बाटलीतून पडणारा थेंब बहुधा ४०-५० मायक्रोलिटरचा, पापणीच्या आत मावतात तीसेक. उरलेलं गालावर, नाहीतर नाकावाटे घशात. (‘कडू लागतंय’ ही तक्रार त्यामुळेच.) टक्के वाढवले तरी एका मर्यादेपुढे बाहुली ऐकत नाही. शिवाय गडद बुबुळातलं रंगद्रव्य औषध धरून ठेवतं, त्यामुळे परिणाम उशिरा दिसतो आणि रेंगाळतोही.

आजोबांचं दुखणं मात्र वेगळंच होतं. बाहुली आवळणारा स्नायू एक, ती ओढून उघडणारा दुसरा. ट्रॉपिकामाइड पहिल्याला सैल करतं. जुन्या मधुमेहात दुसऱ्याच्या नसा कमजोर झालेल्या असतात, मग ओढणार कोण? पण या दुसऱ्या स्नायूला थेट ओढायला लावणारं एक औषध आहे, फेनिलेफ्रिन. नसा कमजोर झालेला स्नायू त्याला उलट जास्तच दाद देतो. ते १० टक्क्यांचंही मिळतं. आजोबांचं बीपी बघता त्या बाटलीला मी हातही लावला नसता. रक्तात उतरलं तर बीपी भडकतं.

डॉक्टरांना विचारून अडीच टक्क्यांचं घेतलं. आधी बधिर करणारा थेंब, म्हणजे झोंबून पाणी येत नाही आणि औषध नीट आत झिरपतं. मग फेनिलेफ्रिन, पाच मिनिटं थांबून पुन्हा ट्रॉपिकामाइड. दर वेळी नाकाजवळचा कोपरा दाबून धरला.

नंतर टॉर्च मारला तर साडेसहा मिलिमीटर! डॉक्टरांना पडद्याच्या कडेला नव्या, नाजूक रक्तवाहिन्या दिसल्या. लेसर लागणार होतं.

मी फाइलवर लिहिलं, ‘पुढच्या वेळी बीपी बघून सुरुवातीलाच दोन्ही औषधं.’

नातू वाकून वाचत म्हणाला, “म्हणजे शेवटी कडकच घातलंत ना!”