वेर्मिचेल्ली आणि नखुले

इटलीत मराठी प्रवाशांबरोबर दुभाषी म्हणून मी काम करते. त्या दिवशी आम्ही नेपल्सजवळच्या ग्रान्यानोत होतो. हे पास्त्याचं जुनं गाव. पूर्वी इथल्या मुख्य रस्त्यावर, समुद्राच्या वाऱ्यात, काठ्यांवर पास्ता वाळत घालायचे.

एका घरी जेवायला बसलो. ताटल्यांत टोमॅटोच्या सॉसमधली वेर्मिचेल्ली आली. आपल्याकडे शेवयांच्या पुड्यावर 'व्हर्मिसेली' छापतात, तोच हा शब्द. फक्त इटलीतली वेर्मिचेल्ली स्पागेत्तीहून किंचित जाड असते.

"नावाचा अर्थ काय हो?" कुणीतरी विचारलं. यजमानीणबाईंनी सांगितलं आणि मी जसंच्या तसं मराठीत म्हटलं, "बारीक किडे. 'वेर्मे' म्हणजे अळी."

घास थांबले. एका माळकरी आजींनी ताटली बाजूला सरकवली. "ताई, हे आधी सांगायचं ना गं!"

माझ्या घशाला कोरड पडली. शब्द अचूक होता, पण आधी पदार्थ सांगायला हवा होता, मग नाव. मी घाईघाईने सांगू लागले : यात ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, बाकी काही नाही. नाव फक्त आकारावरून. स्पागेत्ती 'स्पागो'वरून, म्हणजे सुतळी. लिंग्विने म्हणजे चिमुकल्या जिभा. अगदी बारीक पास्त्याला तर देवदूताचे केस म्हणतात.

"केस?" आजींचा चेहरा आणखी पडला.

तेवढ्यात शेजारच्या साताऱ्याच्या काकू बोलल्या, "अहो, माझ्या रुखवतात नखुले होते. ते काय नखांचे होते? नखासारखे दिसतात म्हणून नखुले. गव्हाच्या दाण्यासारखे ते गव्हले. तसंच हे."

मी ते इटालियनमध्ये सांगितलं. यजमानीणबाई उठल्या आणि मळलेल्या पिठाचा गोळा काकूंसमोर ठेवला. काकूंनी चिमूटभर पीठ घेतलं, बोटानं दाबलं, ताटलीत टाकलं. पुन्हा एक, पुन्हा एक, सवयीच्या वेगानं. बाईंनी एक उचलून उजेडात धरलं. "ओरेक्किएत्ते!" दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतातला पास्ता, असाच बोटानं दाबलेला. अर्थ : छोटे कान.

हे मी मराठीत सांगताना जरा दबकतच सांगितलं. पण माळकरी आजी काकूंच्या हाताकडे बघत होत्या. "आई करायची अस्से," त्या म्हणाल्या. मग ताटली पुढे ओढून त्यांनी मला विचारलं, "लाल आहे तो टोमॅटोच ना?"