ओळखीची

रात्रीचे दोन वाजून गेलेत. जर्मनीतल्या स्टुटगार्टहून परत येऊन आठवडा झाला तरी झोप काही रुळावर येत नाही. फरक तो केवढा, साडेतीन तासांचा. जेटलॅग म्हणून मिरवावं इतकासुद्धा नाही. नवरा आल्या रात्रीपासून वेळेवर घोरतोय. तेव्हा घड्याळाला दोष देण्यात अर्थ नाही. एक शब्द डोक्यात बसलाय, आणि तोही जर्मन.

सांगायला लाज वाटावी इतकी बारकी गोष्ट आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जिना उतरत होतो. चिऊचं घर चौथ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दार उघडून उभ्या होत्या. (त्या उभ्याच असतात, असं चिऊच्या मुलाचं म्हणणं.) ‘ग्र्यूस गॉट’ झालं. आजींनी आधी आमच्या बुटांकडे बघितलं, मग आमच्याकडे. चिऊने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, “आयनं बेकान्टं आउस इंडियन.”

भारतातली एक ओळखीची.

हात खांद्यावर होता, हेही लिहायला हवं. नाहीतर मी माझ्याच बाजूने लिहिते असं होईल.

आता गंमत अशी की माझं जर्मन शून्य आहे. होतं तेही गेलं. १९९६ साली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी सातच्या बॅचला मी गेले ती चिऊकडे लुना होती म्हणून, आणि सात वाजता एकटीने जायचा तिला कंटाळा होता म्हणून. डेर-डी-डास माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. टेबल पुरुष का आणि मुलगी नपुंसकलिंगी का, यावर मी बाईंशी वाद घालायचे. मग वैशालीत जाऊन कॉफी वन बाय टू. एवढंच माझं जर्मन. पण हा एक शब्द मेला पक्का बसलाय, कारण त्यावर बाईंनी अख्खा तास घेतला होता. जर्मन माणूस पटकन कुणाला मित्र म्हणत नाही. दहा वर्षं शेजारी राहतो, रोज हात हलवतो, तरी तो ‘बेकान्टर’. ओळखीचा. ‘फ्रॉइन्ड’ म्हणायला फार वेळ लागतो. आणि वर म्हणाल्या होत्या, तुम्ही पुण्याचे आहात, तुम्हाला हे समजायला जड जाऊ नये.

वर्ग हसला होता. त्यात ते विशेषणाचं झालेलं नाम, म्हणून प्रत्यय बदलत राहतो. डेर असेल तर एक, आयन असेल तर दुसरा, बाई असेल तर परत पहिलाच. चाचणीत मी तिथेच माती खाल्ली, चिऊचं बरोबर आलं आणि तिने मला महिनाभर चिडवलं. परवा जिन्यात मला पहिल्यांदा काय जाणवलं असेल, तर प्रत्यय बरोबर लावला पोरीने. अर्थ पहिल्या मजल्यावर पोचल्यावर लागला.

तेव्हापासून मी हा शब्द चघळतेय. ओळखीची. आपल्याकडे कोण असतात ओळखीचे? ब्लाउज शिवणारी. आरटीओतले ते गृहस्थ. ‘आमच्या ओळखीचे एक प्लंबर आहेत, नंबर देते.’ त्या रांगेत आता मी.

मग त्या दिवशीचं काही धड बघितलंच नाही मी. मारिएनप्लाट्झहून डेगेरलोखला दातेरी रुळावरून चढणारी ती गाडी, १८८४ पासून चालते म्हणे, पुढे सायकली ठेवायला वेगळा डबा ढकलत नेते. मुलं वेडी झाली होती तिच्यावर, दोनदा वर-खाली केली. चढाला गाडी लागली की खाली सगळं शहर बशीत ठेवल्यासारखं दिसतं, आणि मी मात्र चिऊच्या पाठीकडे बघत बसले होते. मग टीव्ही टॉवर. १९५६ चा, काँक्रीटचा असा जगातला पहिला, असं तिचा नवरा सांगत होता. वर वारा असा की बोलणं ऐकू येत नव्हतं, ते एक बरं झालं.

मी पुरावे गोळा करायला लागले. एकदा मनात किडा शिरला की पुरावे सापडतातच. दोन किलो गोडा मसाला मी डब्यातून नेला होता, आईच्या प्रमाणाने, घरी भाजून. डब्याला बाहेरून चिकटपट्टी, आत दोन पिशव्या, तरी बॅग उघडल्यावर लेकीच्या सगळ्या टीशर्टांना वास. चिऊच्या कपाटात ठेवायला गेले तर मागे दोन पाकिटं आधीच उभी. इंडियन दुकानात सगळं मिळतं गं आता, म्हणाली. डबा घेतला तिने. वास घेतला नाही. किंवा घेतला असेल, मी वळले होते.

रविवारी चटणीला मिक्सर काढला तर धावत आली, आज नको, आज रविवार, खालच्या आजी. मग आम्ही खोबरं खलबत्त्यात कुटलं. म्हणजे तिने कुटलं, मी पुरवत होते. केळ्याची साल लेकीने भलत्याच डब्यात टाकली तर चिऊ काही बोलली नाही, नंतर हात घालून काढली आणि योग्य डब्यात टाकली. पाहुण्यांनाच अशी वागणूक देतात. घरचं माणूस असतं तर ओरडली असती.

पांढरी शतावरी मात्र उत्तम केली होती. मे महिन्यात तिकडे सगळे त्या शतावरीच्याच मागे असतात, चोवीस जूनला हंगाम संपला की बंद. आपल्याकडे शतावरी म्हटलं की कल्पच आठवतो आणि बाळंतिणीची खोली. लोण्यात घोळवलेली, वर उकडलेला बटाटा. मी तीन वेळा घेतली. रागावलेल्या माणसाने इतकं खाऊ नये.

आप्पांच्या वेळचं मी इथे लिहिणार नाही. तो विषय तिनेही काढला नाही.

पाचव्या रात्री सगळे झोपल्यावर मी व्हिसाची फाइल काढली. माणशी नव्वद युरो भरून केलेली ती फाइल, बँकेची स्टेटमेंटं, विमा, आणि चिऊचं आमंत्रणपत्र. त्यात नातं लिहायचं असतं ना, यजमानाचं आणि पाहुण्याचं. मुंबईत रांगेत उभी असताना मी ते वाचलंसुद्धा नव्हतं. बाथरूमच्या दिव्यात वाचलं. इंग्रजीत होतं. आम्ही ‘अत्यंत जवळचे कौटुंबिक स्नेही’ आहोत आणि आमच्या राहण्याची संपूर्ण जबाबदारी त्यांची. वाचून डोळे भरून आले. मग खालच्या ओळीत, जिथे तारीख घालायची होती तिथे, चौकटी कंसात ‘इथे तारीख लिहा’ असं तसंच राहिलेलं दिसलं. नेटवरचा नमुना. दूतावासाने तरी वाचलं होतं की नाही देव जाणे.

बाथरूमच्या कमोडवर बसून मी हसले. हळू. भिंती पातळ आहेत.

आणि मग सहाव्या दिवशी मर्सिडीजच्या म्युझियममध्ये जे झालं ते झालं. तिथे लिफ्टने थेट वर नेतात आणि मग गोल गोल उतरत खाली यायचं. वर पहिल्यांदा काय, तर एक पांढरा घोडा. गाडीच्या आधी घोडा होता, हे सांगायला. त्याच्या पुढे बेंझची १८८६ ची तीनचाकी. नवरा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता आणि शेजारून मराठी कानावर आलं. “अरे, ही तर आपली रिक्षा!” एक तरुण जोडपं, गडी चाकणच्या प्लांटमधून सहा महिन्यांसाठी आलेला, घर पिंपळे सौदागरला. पाच मिनिटांत आम्ही कुणाची शाळा कुठली आणि कुणाचे सासरे कुठल्या बँकेत इथपर्यंत पोचलो. ती म्हणाली, “काकू, हॉटेलात उतरलात का?”

“छे गं,” मी म्हटलं, “आमच्या ओळखीचे आहेत ना इथे, त्यांच्याकडे.”

तोंडातून निघून गेलं. मराठीत हे वाक्य असंच निघतं, विचार करायला वेळच नसतो. नागपूरला कुणाकडे उतरलात? ओळखीचे आहेत. चिऊ कुठे होती? दोन हातांवर. त्या तीनचाकीच्या मागे लावलेला मजकूर वाचत होती, म्हणजे तसं दाखवत होती, कारण तिला त्या गाडीचं काय पडलंय, तिने तो घोडा इतक्या पाहुण्यांबरोबर बघितला असेल की तो आता तिला ओळखत असेल.

ऐकलं का तिने? माहीत नाही. खाली कॅफेत तिने माझ्यासाठी ब्रेत्झेल आणलं आणि त्यावरचं जाड मीठ काढून दिलं, बीपीसाठी. मी विचार करत राहिले की हे ऐकलेल्या बाईने काढलेलं मीठ आहे की न ऐकलेल्या.

मजा वाटायला लागली होती मला तोपर्यंत. सव्वाशे कोटींच्या वर माणसं असलेल्या देशातून सात हजार किलोमीटर उडत जायचं आणि एकमेकींना ‘ओळखीची’ म्हणायचं, एकीने जर्मनमध्ये, एकीने मराठीत. फिटंफिट. तरी तिचं थोडं जास्त लागलं मला, कारण तिने आधी म्हटलं. आणि तिला माहीत नव्हतं की मला कळतंय. मी मात्र ती उभी असताना म्हटलं. आता यात वाईट कोण, हे मी रोज रात्री दोन वाजता ठरवायला बसते.

शनिवारी तिची ‘केअरवोख’ होती. हे मला आधी कळेचना. दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. १४९२ सालापासूनचा नियम आहे म्हणे शहर स्वच्छ ठेवायचा, कुठल्याशा सरदाराने काढलेला. नवरा म्हणाला, आपल्या सोसायटीत अशी पाटी लावली तर पहिल्या रात्री पाटीच चोरीला जाईल.

मी म्हटलं, मी येते. ती नको नको म्हणाली, मग झाडू दिला. ती पुसत होती, मी पुढे झाडत होते. चौथ्यावरून तिसऱ्यावर. पाण्यात लिंबाच्या वासाचं काहीतरी. वाटेत खिडकी उघडी, समोरच्या लिंडनची पानं अजून कोवळी. तिने पदर खोचल्यासारखी शर्टाची टोकं खोचली होती आणि गुडघे टेकून पायरीच्या कडेने फडकं फिरवत होती, रानडेच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची तसं जीभ थोडी बाहेर काढून. आम्ही काही बोलत नव्हतो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. आजी. कोपरे बघितले, कठडा बघितला, बहुतेक पास झालो. मग चिऊकडे बघून काहीतरी लांबलचक विचारलं, त्यातलं मला फ्लीग्ट कळलं, आणि ‘ईरं बेकान्टं’ कळलं. तुमची ओळखीची कधी उडते.

आणि चिऊने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “यूबरमॉर्गन.”

परवा. कुठून आला तो शब्द, देव जाणे. एकोणतीस वर्षं कुठे झोपला होता. आजी खूश झाल्या, गुट गुट म्हणाल्या, दार लागलं.

चिऊ गुडघ्यावरच होती. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, परत पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

“तुला समजतं अजून?”

“काही काही शब्द,” मी म्हटलं.

ती पायरी तिने दुसऱ्यांदा पुसली. मग तिसऱ्यांदा. मग म्हणाली, “अगं, त्या आजींना सगळं कुठे सांगत बसू...” आणि तिथेच थांबली. मी म्हटलं, “प्रत्यय बरोबर होता.” ती हसली की नाही, वरून दिसलं नाही, केस तोंडावर आले होते. जरा वेळाने म्हणाली, “तुझा पण.”

म्हणजे ऐकलं होतं.

मग आम्ही पहिल्या मजल्यापर्यंत पोचलो आणि तिने मला हाक मारली, “तो कोपरा राहिलाय बघ, डोळे कुठेत?” होताच. जिन्याच्या वळणात चिकटलेली कागदाची चिंधी, ओली झालेली. मी नखाने खरवडून काढली. केळ्याच्या सालीला नाही ओरडली, या चिंधीला ओरडली.

विमानतळावर मिठी वगैरे नेहमीसारखीच. त्यात काही शोधायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आत्ता तिचा मेसेज आलाय. तिकडे साडेदहा वाजून गेले असतील, आजी झोपल्या असतील. फोटो आहे, पातेल्यात आमटी, वर कडीपत्ता. खाली लिहिलंय, ‘आज गोडा मसाला घालून केली, मुलांनी वाटीला वाटी लावली.’

कपाटातल्या पाकिटातला की माझ्या डब्यातला, ते तिने लिहिलेलं नाही. मी फोटो मोठा करून बघितला. आमटीवरून काही कळत नाही.