दादाच्या पायांचे तीस सेकंद

गेल्या डिसेंबरात आईची कंबर धरली आणि डॉक्टरांनी तिला वाकायला, वजन उचलायला बंदी केली. दादाच्या पायांचे व्यायाम माझ्याकडे आले. दादा २० वर्षांचा, मी १७. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. मी १५०० मीटर धावते, सकाळी साडेपाचला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर असते. आणखी अर्धा तास लवकर उठायचं म्हटल्यावर मला रागच आला होता. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी दोन दिवस शिकवलं. एका हाताने गुडघा सरळ धरायचा, दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच घ्यायची, त्याचा तळपाय आपल्या हाताला टेकवायचा आणि पंजा हळूहळू नडगीकडे न्यायचा. तीस सेकंद धरायचं. एका पायाला पाच वेळा.

तिसऱ्या दिवशी मला मैदानावर पोचायची घाई होती. मी पाऊल झटक्यात दाबलं. ते माझ्या हातात शिलाई मशीनच्या सुईसारखं थडथडायला लागलं, थांबेचना. दादाने डोळे घट्ट मिटले होते. मी घाबरून ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जितकं जोरात ओढशील, तितका स्नायू उलट आवळणार. मेंदूचा लगाम सैल आहे ना त्याच्यावर." मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण स्नायू सतत ताठ राहिले तर आखडत जातात, टाच टेकेनाशी होते. म्हणून खाडा नको. आईने इतकी वर्षं तो होऊ दिला नव्हता, आणि मी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्या की आमच्याकडेही दादाचे पाय लाकडासारखे होतात. मी स्वतः वॉर्म-अपशिवाय एक पाऊल धावत नाही. मग त्याचे थंडगार पाय तसेच कसे ताणायचे? ताईंना विचारून आधी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पोटरीखाली ठेवायला लागले. आणि प्रत्येक वेळी विचारायला लागले, "दादा, दुखतंय का?"

दादाचं बोलणं अडखळत येतं. घरात आम्ही सगळेच त्याचं वाक्य मध्येच उचलून पुरं करायचो, मी तर सगळ्यात आधी. पण पाऊल हातात धरलेलं असताना कुठे जाणार? मी ऐकत बसायचे. एकदा त्याने धावपटू कविता राऊतबद्दल सांगितलं. २०१०ची दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा, १०,००० मीटर, कांस्य. आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची पोरगी! हे मलाही ठाऊक होतं, पण मी मध्ये बोलले नाही. मग, बऱ्याच वेळाने, तो म्हणाला, "तुझे... खांदे. शेवटच्या... दोनशेत... वर जातात." आई मोबाइलवर काढायची ते माझे सगळे व्हिडिओ त्याने पुन्हा पुन्हा पाहिले होते. शरीर आवळलं की काय होतं, हे त्याच्याइतकं घरात कुणाला कळणार?

परवाच्या रविवारी बाबा आणि मी त्याला व्हीलचेअरवरून मैदानावर नेलं. शेवटच्या वळणावर त्याचा आवाज आला, "खां..." पुढचं वाऱ्यात गेलं. मी खांदे खाली सोडले.