तुम्ही विचारलंत म्हणून: गर्भपाताला विरोध असलेल्या लोकप्रतिनिधीने सरकारी कार्यालयात बोलावे का?

मी सोलापुरात वकिली करते आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते. वर्गात १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि स्थानिक राजकारणात असलेली मंडळीही तो मला विचारतात. गर्भातील जीवाला जगण्याचा हक्क आहे, असे एखाद्या आमदाराचे किंवा नगरसेवकाचे मनापासूनचे मत असेल, तर ते त्याने सरकारी कार्यालयात उघड मांडावे, की दाराबाहेर ठेवून आत यावे? माझे उत्तर असे आहे की त्याने ते अवश्य मांडावे. मात्र ऐकणाऱ्याला ते नाकारण्याची मोकळीक नसेल, तेथे मांडू नये.

गर्भपाताविरोधी मत माझे स्वतःचे नाही. १९७१ चा कायदा योग्य आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिक माणुसकीचा झाला, असे मी मानते. तरीही विरोधी मत असणाऱ्याचे तोंड बंद करावे, हे मला पटत नाही. भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालण्याची कारणे संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिलेली आहेत आणि ‘मत अप्रिय आहे’ हे त्यांत नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही यादी वाढवता येणार नाही असे सांगितले, आणि मंत्र्याचे प्रत्येक वक्तव्य आपोआप सरकारचे ठरत नाही असेही बहुमताने म्हटले. अमेरिकेत १९६६ मध्ये, व्हिएतनाम युद्धाला विरोध केला म्हणून ज्युलियन बाँड यांना जॉर्जियाच्या विधिमंडळात बसू न देणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले होते. लोकांनी ज्याला निवडून दिले, त्याला वादग्रस्त प्रश्नांवर बोलण्याची सर्वाधिक मुभा हवी, हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. सरकारी इमारतीत राजकीय मत नकोच, असे सरसकट म्हणणे तर सोलापूरकराला शोभत नाही, कारण १९३० मध्ये याच शहराच्या नगरपालिकेच्या इमारतीवर परकीय सत्तेच्या नाकावर टिच्चून तिरंगा चढवला गेला होता.

तेव्हा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत, विधानसभेत, स्वतःच्या दालनात भेटायला आलेल्या पत्रकारांसमोर किंवा कार्यकर्त्यांसमोर लोकप्रतिनिधीने हे मत निःसंकोच सांगावे. तेथे ऐकणारा उलट बोलू शकतो, विरोधी भाषण करू शकतो, पुढच्या निवडणुकीत मत नाकारू शकतो.

खरी अडचण सरकारी रुग्णालयात सुरू होते. समजा, पाहणीसाठी आलेला लोकप्रतिनिधी प्रसूती विभागात उभा राहून परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना म्हणाला, “येथे जीव वाचवायचे असतात, घ्यायचे नसतात.” शब्द मताचेच आहेत. परंतु त्या परिचारिकेची बदली, त्या डॉक्टरची प्रतिनियुक्ती आणि विभागाचा निधी यांवर ज्याचे वजन पडू शकते, त्याच्या तोंडून आलेले मत खालच्या माणसाला आदेशासारखे ऐकू येते. त्या परिचारिकेला सरकारी नोकरीच्या वर्तणूक नियमांमुळे उलट बोलताही येत नाही. दुसऱ्या दिवशी एखादी बाई अठराव्या आठवड्यात तेथे आली, तर कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे असतानाही तिला कारण न देता “दुसरीकडे जा” असे सांगितले जाण्याची शक्यता असते, आणि असे हेलपाटे घालण्यात ती मर्यादा उलटून जाऊ शकते. आमदाराने कोणताही नियम मोडलेला नसतो, तरी त्या बाईचा हक्क मात्र गेलेला असतो. तिचे नाव जाणून घ्यायचा किंवा नोंदवही पाहायचा हट्ट तर त्याने मुळीच धरू नये, कारण तिची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला कायद्याने एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरे ठिकाण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. खासगी गर्भपात केंद्रांना मान्यता देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीत २००३ च्या नियमांनुसार पंचायत राज संस्थांमधूनही सदस्य घेतला जातो. त्याने तेथे केंद्राची स्वच्छता, उपकरणे, प्रशिक्षित डॉक्टर, भुलीची सोय यांवर कितीही कठोर प्रश्न विचारावेत. मात्र “मला तत्त्वतः गर्भपातच मान्य नाही” म्हणून तो प्रत्येक अर्ज अडवू लागला, तर त्याला मी अभिव्यक्ती म्हणणार नाही, कारण तेथे तो कायद्याने सोपवलेला अधिकार वापरतो आहे. इतकाच विरोध असेल तर त्याने त्या समितीतून बाहेर पडावे. हे मी कोणालाही हिणवण्यासाठी म्हणत नाही. विवेकाशी प्रामाणिक राहण्याचा तो सरळ मार्ग आहे.

येथे एक गोंधळही निस्तरायला हवा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध बोलणे ही त्यावर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याची बाजू घेणे आहे आणि ते लोकप्रतिनिधीने कार्यालयात, रुग्णालयात, कोठेही बोलावे. महाराष्ट्राने तर त्यासाठी १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. परंतु त्या मोहिमेच्या आडून सगळाच गर्भपात हा गुन्हा असल्यासारखे बोलले जाते, तेव्हा कायदेशीर सेवा घ्यायला आलेली बाईही अपराध्यासारखी मान खाली घालते.

जीवाविषयीची कळकळ दाखवायला जागा कमी नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ मध्ये तेथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला आणि पुढे प्रार्थना समाजाने तो सांभाळला. ज्यांना गर्भपात खुपतो, त्यांनी असे काम उभे केले तर मी त्यांच्यासाठी फुकट कागदपत्रे करून देईन.

आता राहिला लेटरहेडचा प्रश्न, जो मला सर्वांत जास्त विचारला जातो. स्वतःच्या लेटरहेडवर मुख्यमंत्र्यांना किंवा खासदारांना कायदा बदलण्याची मागणी करणारे पत्र लिहायला काहीच हरकत नाही. हा कायदा संसदेचा आहे आणि २०२१ ची दुरुस्तीही तिनेच केली. मात्र तेच लेटरहेड जिल्हा शल्यचिकित्सकांना “गर्भपात शक्यतो टाळावेत” असे कळवण्यासाठी वापरले, तर त्या पत्राला लेखी हरकत घ्या आणि प्रत जपून ठेवा, असे मी अधिकाऱ्यांना सांगते.